ओलं ओलं असताना, कोरडं कोरडं असताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरून माणसं घरी परतली की नदीकाठची जाणती मंडळी एकच घाई लावतात: गाळ ओला आहे तोवर काढा. काळ्या मातीचा गाळ ओला असताना फावड्यानं आणि पाण्याच्या जोरावर ढकलता येतो. त्याला दोन उन्हं लागली की तो फरशीच्या सांध्यांत बसतो, आणि मग खुरपं घेऊन खरवडत बसावं लागतं.

आपण नवरा-बायको दोघंही कामाला जात असाल आणि घरात दोन-चार वर्षांचं मूल असेल, तर असा लहानसा पूर आपल्याकडे रोज येतो. वरण सांडतं, दूध उतू जातं, चिखलाचे पाय आत येतात. नियम तोच लागू पडतो, आणि त्याचा दुसरा अर्धा भागही आहे: ओलं ओलं असतानाच काढावं आणि कोरडं कोरडं असतानाच. पुढचं सगळं या दोन ओळींभोवतीच फिरणार आहे, त्यामुळे मध्येच कंटाळा आला तरी एवढं लक्षात ठेवा.

आधी घराकडे एकदा वेगळ्या नजरेनं पाहू. घरात चार गोष्टी साठतात: पसारा, केर, खरकटं आणि ओल. खेळणी, चपला, वर्तमानपत्रं हा पसारा. धूळ, केस, कागदाचे कपटे हा केर. अन्नाचा अंश लागलेलं ते खरकटं. आणि मोरीत, ओट्यावर, गादीत, भिंतीत मुरलेलं पाणी ती ओल.

गफलत इथेच होते. कामावरून आल्यावर आपण पसारा आवरायला लागतो, कारण तो डोळ्यांत खुपतो. तासभर त्यात जातो आणि खरकटं तसंच राहतं. पसाऱ्यानं कुणी आजारी पडत नाही. केरही एक दिवस थांबतो. खरकटं आणि ओल मात्र थांबत नाहीत. एकाला मुंग्या-झुरळं लागतात, दुसरीला बुरशी. म्हणून अंगात अर्ध्या तासाचीच ताकद उरली असेल, तर ती या दोघांवर खर्च करा. ठोकळ्यांचा ढीग सकाळपर्यंत बैठकीत पडलेला राहिला तरी चालेल.

कामाला सुरुवात आदल्या रात्रीपासून करू. जेवणं झाली की भांडी लगेच घासली नाहीत तरी हरकत नाही, पण प्रत्येक भांड्यातलं खरकटं ओल्या कचऱ्याच्या डब्यात झटकून त्यात पाणी घाला. मिनिटाभराचं काम आहे. सकाळी धुणं-भांडी करायला मावशी येत असतील तरीही हे आपणच करा. रात्रभर वाळलेला भात खरवडायला लावणं हे त्यांच्याही वेळेवर अन्यायाचं आहे, आणि त्या घाईत भांडी अर्धवट निघतात ती वेगळीच.

दुधाच्या पातेल्यात आधी गार पाणी घाला, गरम नको. दुधातली आणि अंड्यातली प्रथिनं उष्णतेनं घट्ट होतात आणि भांड्याला धरतात. गार पाण्यानं विसळून मग गरम पाणी आणि साबण. तुपा-तेलाच्या भांड्याचं उलटं. त्याला गरम पाणीच लागतं.

शेवटी ओटा पुसा आणि कोरडा करा. हा ‘कोरडा करा’ भाग बहुतेक घरांत राहून जातो. झुरळ अन्नाशिवाय बरेच दिवस काढतं, पाण्याशिवाय त्याला तितके दिवस काढता येत नाहीत. सिंकखाली गळणारा नळ आणि ओट्यावरचं ओलं फडकं ही त्याची पाणपोई. म्हणून झोपताना फडकं पिळून दोरीवर पसरा, चुरगळून नळावर ठेवू नका. दिवसभर ओलं राहणारं फडकं जिथे फिरवाल तिथे जंतूच पसरवतं. तीन-चार फडकी ठेवावीत, रोज एक धुवून उन्हात टाकावं.

आता सकाळ. आपल्याकडे भाकरी होत असेल तर ओट्यावर आणि खाली फरशीवर पीठ उडतं. इथे नियमाचा दुसरा अर्धा भाग कामाला येतो. पिठावर ओलं फडकं फिरवलं की त्याची खळ होते, आणि ती फरशीच्या रेषांत जाऊन वाळते. आधी कोरड्या फडक्यानं किंवा लहान कुंच्यानं पीठ गोळा करा, मग ओलं फडकं.

हेच काळ्या राखेचं. गळीत हंगामात, म्हणजे साखर कारखाने सुरू असतात त्या हिवाळ्याच्या महिन्यांत, उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या गच्चीवर आणि खिडकीत काळे तुकडे येऊन पडतात. काही पेटवलेल्या पाचटाचे, काही चिमणीतून उडालेल्या बगॅसच्या राखेचे. बगॅस म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा. हे कण बोटानं दाबले तरी काळी रेघ उठते. ओल्या हातानं पुसू नका. दोरीवरचे कपडे आधी झटका, खिडकीची कड कोरड्या ब्रशनं झाडा, पाणी त्यानंतर.

सकाळी सगळं घर झाडून काढण्याचा हट्ट सोडा. मुलं जिथे खातात आणि जिथे रांगतात-खेळतात तेवढीच जागा झाडा. उरलेल्या खोल्या दिवसाआड. केर वरून खाली आणि आतून दाराकडे, हे आपल्याला आजीनं सांगितलेलं असतंच. पंखा बंद करून झाडा, हे मात्र मी स्वतः बऱ्याच उशिरा शिकलो.

संध्याकाळचा टप्पा दारातच सुरू होतो. चपला दाराबाहेर किंवा दाराजवळच्या पाटावर, पोराच्या पाठीवरचं दप्तर खुंटीला आणि दप्तरातला डबा थेट सिंकमध्ये, झाकण उघडून. शनिवारी दप्तरात राहिलेला डबा सोमवारी सकाळी उघडण्याचा प्रसंग ज्या घरानं पाहिला आहे त्याला याचं कारण सांगावं लागत नाही. मग सगळ्यांचे हातपाय. मुलांचे हात साबणानं किमान वीस सेकंद चोळायचे. मनात आकडे मोजण्यापेक्षा एखादं बडबडगीत दोनदा म्हणावं, तेवढा वेळ होतो.

मुलाच्या ताटाखाली सांडलेलं वरण-भात हा नाजूक विषय आहे. शितं वाळली की केरसुणीनं सहज निघतात, असं कुणीतरी आपल्याला सांगेल आणि ते खोटंही नाही. पण ती वाळेपर्यंत मुंग्यांची रांग लागलेली असते. मी मधला मार्ग काढला: जुन्या पत्रिकेचा जाड पुठ्ठा आडवा धरून शितं सुपलीत ओढायची, आणि उरलेला ओलसर भाग पिळलेल्या फडक्यानं एकाच दिशेनं टिपायचा. गोल गोल पुसलं की भात फरशीवर सारवला जातो. जेवायला बसताना मुलाच्या खाली जुनी चादर किंवा प्लॅस्टिकची चटई घातली तर ती उचलून झटकली की झालं.

हळदीचे डाग आपल्या भागात निराळं सांगण्यासारखे आहेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या नावाची हळद त्या मुलखाचीच असा कायदेशीर शिक्का. पण बाळाच्या पांढऱ्या झबल्यावर ती कुठली का असेना, सारखीच दिसते. हळदीतला पिवळा रंग देणारा घटक म्हणजे कुरकुमिन. साबण लागला की तो लालसर होतो. बरेच जण इथे घाबरतात आणि आणखी साबण चोळतात. घाबरू नका. अंश निघेल तेवढा पाण्यानं काढा, एकदा साबणानं धुवा आणि झबलं कडक उन्हात वाळत घाला. कुरकुमिन उन्हात टिकत नाही. एक-दोन उन्हांत डाग फिका होत जातो. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, तेव्हा वरण-भाताला गडद रंगाचे कपडे.

फरशी पुसण्याकडे वळू. बहुतेक घरांत एकाच बादलीत तीन खोल्या होतात. दुसऱ्या खोलीपासून आपण मळकं पाणीच पसरत असतो. वाळल्यावर फरशी चिकट लागते आणि आपण पुढच्या वेळी फिनेल आणखी ओततो. दोन बादल्या घ्या. एकीत फरशीसाठीचं द्रावण, दुसरीत साधं पाणी. मळलेलं फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून पिळा, मग द्रावणात बुडवा. बाटलीवर लिहिलं असेल त्याहून जास्त औषध घालू नका. ते फरशीवर थर होऊन राहतं आणि त्यालाच धूळ चिकटते. वास येतोय म्हणजे स्वच्छ झालं, ही समजूत फिनेलवाल्यांना फार सोयीची आहे.

आता मोरी आणि संडास. इथे जरा थांबू, कारण इथे चूक झाली तर ती डागापुरती राहत नाही.

बोअरचं पाणी वापरत असाल तर बादलीला, नळाला, फरशीला पांढरा थर धरतो. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, म्हणजे ज्यात साबणाचा फेस नीट होत नाही. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. साबणानं तो थर निघत नाही, उलट साबणाचा साका त्यावर बसतो. त्याला आंबट लागतं.

किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं, म्हणजे सायट्रिक आम्लाचे दाणे. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा, थरावर लावून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग घासा. थांबणं हेच खरं काम. आपण लावतो आणि लगेच घासायला लागतो, म्हणून हात दुखतात आणि थर तसाच राहतो. नळाला लावायचं तर त्या पाण्यात भिजवलेलं फडकं नळाभोवती गुंडाळून ठेवा.

एक मात्र सांभाळा. जुन्या घरांतली शहाबादी फरशी आणि ओट्याचा कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. जे आम्ल पांढरा थर खातं, तेच दगडही खातं. त्यांवर लिंबू, व्हिनेगर, अ‍ॅसिड काहीच नको. साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे. टाइल्स, स्टील, प्लॅस्टिक यांना लिंबूफूल चालतं, पण नंतर भरपूर पाण्यानं धुवायचं.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: संडास धुण्याचं अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. ब्लीच म्हणजे कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं द्रावण किंवा ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो घशाला-फुप्फुसाला थेट लागतो. ‘दोन्ही घातलं तर दुप्पट स्वच्छ’ या हौसेपायी हे घडतं. लिंबूफूलही आम्लच आहे, तोच नियम त्यालाही. एक दिवस एकच वस्तू वापरा, दार-खिडकी उघडी ठेवा.

सुटं अ‍ॅसिड किंवा फिनेल थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत घेऊन ठेवायची आपल्याकडे सवय आहे. लहान मूल असलेल्या घरात ती आजच मोडा. मुलाला बाटली ओळखीची असते, आतलं नाही. मूळ बाटलीत, मूळ चिठ्ठीसकट, आणि सिंकखाली न ठेवता मुलाचा हात पोचणार नाही अशा बंद कपाटात. डांबरगोळ्याही तिथेच, त्या पेपरमिंटसारख्या दिसतात. मुलानं काही प्यायलंच, तर उलटी करवू नका. अ‍ॅसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

गादीचं थोडक्यात. मेणकापड चादरीच्या खाली घाला, आणि चादरीवर जुनी सुती साडी घडी करून. रात्री ओलं झालं तर फक्त घडी उपसायची. गादीपर्यंत पोचलंच तर कोरडं फडकं दाबून टिपा, चोळू नका. चोळल्यानं ओल कापसात आणखी खाली उतरते. मग पाणी शिंपडून पुन्हा टिपणं आणि ऊन.

पावसाळ्यात साताऱ्याकडे ऊन हीच दुर्मीळ वस्तू होते. यवतेश्वराच्या डोंगराकडून भुरभुर सुरू झाली की चार-चार दिवस कपडे आंबट राहतात आणि भिंतीला काळे ठिपके येतात. ती बुरशी. तिला ओल काढून घेतली की वाढता येत नाही, म्हणून भिंतीला चिकटवलेलं कपाट चार बोटं पुढे ओढा, वारा खेळू द्या. ठिपके कोरडे झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. कोरडं कोरडं काढायच्या नियमाला हा अपवाद: साबणाच्या पाण्यानं भिजवून पुसा आणि मग तिथे पंखा लावा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालत असाल तर ती सगळी ओल भिंतीत जाते, हेही मोजा.

आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करायची. आरोग्य खातं याला ‘कोरडा दिवस’ म्हणतं. डेंगी पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवडा. पण नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी महिनोन्‌महिने जगतात. बॅरल आतून घासा, फडक्यानं पुसा, मग भरा. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली आणि गच्चीवरचं मुलाचं मोडकं ट्रॅक्टर विसरू नका.

कचऱ्याला निदान तीन डबे लागतात: ओला, सुका, आणि घरगुती घातक, म्हणजे बॅटरी सेल, फुटलेले बल्ब, मुदत संपलेली औषधं. २०१६ च्या नियमांत हेच वर्गीकरण होतं. डायपरमधली शी आधी संडासात टाकायची, डायपर कागदात घट्ट गुंडाळायचा आणि वेगळा द्यायचा. तो ओल्या कचऱ्यात गेला की त्या सगळ्याचं खत वाया. आपल्या भागाला स्वच्छतेची सवय नवी नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००–०१ मध्ये सुरू झालं तेव्हा ग्रामविकास खातं तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आर. आर. पाटलांकडे होतं, आणि २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. गल्ली झाडणारे हात कमी नाहीत. घरातला ओला-सुका मात्र अजून बाईनंच वेगळा करायचा, असं बहुतेक घरांत चालतं.

त्यावरून कामाच्या वाटणीकडे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पाहणीत विचारलेल्या दिवशी बिनपगारी घरकाम केलेल्या बायका शंभरात ८१ होत्या, पुरुष २६. आणि ज्यांनी केलं त्यांचा वेळ बायकांचा सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. म्हणजे हात लावणारा पुरुषही बाईच्या एक तृतीयांशाच्या आसपासच थांबतो.

माझ्या मते गोची ‘मदत’ या शब्दात आहे. मदत करणारा विचारतो, काय करू? आणि विचारलेल्याला उत्तर द्यायचं कामही करावं लागतं. म्हणून कामं तुकड्यांत वाटू नका, अख्खी वाटा. मोरी एकाच्या नावावर म्हणजे घासणं तर त्याचंच, पण ब्रश झिजला, लिंबूफूल संपलं, नाली तुंबली हे लक्षात येणंही त्याचंच. दुसऱ्यानं आठवण करायची नाही आणि केलेल्या कामाला नावंही ठेवायची नाहीत. पहिले दोन महिने हे जड जातं. मोरी मळकी राहील, राहू द्या.

मुलांनाही वाटा द्या. अडीच वर्षांचं मूल खेळणी टोपलीत टाकतं, एकच टोपली असेल तर. पाच कप्प्यांची रंगीत मांडणी आणलीत की ते काम परत आपल्याकडे येतं. चार वर्षांचं आपली ताटली सिंकपर्यंत नेतं, सहा-सात वर्षांचं मोजे जोडीनं गुंडाळतं आणि जेवायची जागा पुसतं. वाकडंतिकडं पुसलेलं त्याच्यासमोर पुन्हा पुसू नका, उद्या ते फडकं उचलणार नाही.

उरली वर्षाची मोठी सफाई. घट बसण्याआधी आपल्याकडे घर धुऊन काढतात. जळमटं, माळ्यावरची भांडी, वाकळा, सगळं. दोघं नोकरीला असलेल्या घरात हे एका रविवारी करायला गेलं की संध्याकाळी भांडण ठरलेलं. गणपती गेले की घटस्थापनेपर्यंत पंधरवडा मिळतो. रोज संध्याकाळी एक फळी किंवा एक कप्पा, वीस मिनिटं. वरच्या फळीपासून सुरू करून खाली यायचं. चिमणीच्या वरची तेलकट धूळ सगळ्यात शेवटी, आणि तीही स्वयंपाक झाल्यावर ओटा कोमट असताना. चिकटा तेव्हाच सैल असतो.

वाकळा मात्र या हिशोबात बसत नाहीत. चार जुन्या साड्यांची जाड वाकळ एका उन्हात वाळत नाही, आणि आत ओल राहिली तर कुबट वास वर्षभर जात नाही. त्या दिवसांत पावसाचा भरवसा नसतो. म्हणून सुट्टीच्या ज्या सकाळी अजिंक्यतारा किल्ल्यावर ढग दिसणार नाही, त्या सकाळी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी वाकळ भिजवा, आणि दुपारी एकदा उलटी करायला विसरू नका.